पक्षाघात आणि शरीराची संरक्षणव्यवस्था

मराठी बोलीत पक्षाघाताला 'अंगावरून वारे जाणे' असे म्हणतात. आयुर्वेदाने ह्या विकाराची गणना वातव्याधींत केली आहे. तीच कल्पना ह्या शब्दप्रयोगात टिकून राहिली असावी. वारे येते आणि निघून जाते, मागे लुळा पडलेला हात व पाय उरतो, असे चित्र त्यातून डोळ्यांपुढे उभे राहते. आधुनिक वैद्यकाने ह्या चित्रात दोन दुरुस्त्या केल्या आहेत. पहिली दुरुस्ती आता बहुतेकांना ठाऊक आहे. हा आघात अंगावर होत नसून मेंदूत होतो. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागाच्या ताब्यातील अवयव निकामी होतात.

दुसरी दुरुस्ती मात्र अद्याप फारशी परिचित नाही. हे वारे येऊन 'जात' नाही. आघाताचा परिणाम मेंदूपुरता किंवा लुळ्या अंगापुरता मर्यादित राहत नाही. तो रक्तातील श्वेतपेशींपर्यंत, प्लीहा, यकृत आणि आतडी ह्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतो व कित्येक दिवस टिकून राहतो. ह्या काळात जंतूंशी लढण्याची शरीराची शक्ती मंदावलेली असते. पक्षाघाताच्या पहिल्या तडाख्यातून वाचलेला रोगी थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने का दगावतो, ह्या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग येथे सापडतो.

गडचिरोलीतील नोंदी

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील रुग्णालयांचा नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. जंगलाने व्यापलेल्या ह्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली 'सर्च' ह्या संस्थेच्या कार्याला आरंभ केला. खेड्यांतील जन्म आणि मृत्यू ह्यांची काळजीपूर्वक नोंद ठेवणे हे ह्या संस्थेच्या कार्याचे एक ठळक वैशिष्ट्य होय. मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ ह्या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील, म्हणजे सुमारे ९४ हजार लोकवस्तीतील मृत्यूंचा अभ्यास केला. मृत्यू झालेल्या घरी जाऊन, आजाराची लक्षणे आणि क्रम नातेवाइकांना विचारून मृत्यूचे कारण ठरविण्याची जी मान्य पद्धत आहे, ती त्यासाठी वापरण्यात आली.

२०१५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचारात टाकणारे होते. त्या दोन वर्षांतील एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. हे प्रमाण १४.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सातात एक, असे पडते. मृत्यूच्या कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता. आणखी दोन आकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. पक्षाघाताने मरण पावलेल्यांपैकी ८७.३ टक्के लोक आपल्या घरीच मरण पावले; आणि ४६.३ टक्के मृत्यू लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या महिन्याच्या आत घडले. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००५-०६ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांची जी नोंदवही ठेवली, तीतही पहिल्यांदाच आघात झालेल्या रुग्णांपैकी २९.८ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. जंगलातील खेडे असो वा महानगर, पहिला महिना हा कसोटीचा असतो.

ह्या महिन्यातील सर्व मृत्यू एकाच प्रकारचे नसतात. पहिल्या काही दिवसांतील मृत्यू मुख्यतः मेंदूच्या इजेमुळे होतात. मेंदूला सूज येते, कवटीत तिला जागा मिळत नाही, आणि श्वास व हृदय ह्यांचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांवर दाब पडतो. ह्यानंतरच्या मृत्यूंत मात्र इतर उपद्रवांचा वाटा वाढत जातो, आणि त्यांमध्ये जंतुसंसर्ग अग्रभागी असतो. जगभरातील ८७ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे १ लाख ३८ हजार रुग्णांचा, एकत्रित आढावा नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ साली घेतला. पक्षाघातानंतर शेकडा ३० रुग्णांना कोणता ना कोणता जंतुसंसर्ग होतो, सुमारे १० जणांना न्यूमोनिया आणि साधारण तितक्याच जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, असे त्यात दिसून आले. ह्यांपैकी न्यूमोनियाचा मृत्यूशी निकटचा संबंध आढळला.

घास आणि श्वास

पक्षाघातानंतर न्यूमोनिया का होतो, ह्याचे पारंपरिक स्पष्टीकरण सोपे आहे आणि ते खोटेही नाही. घशामध्ये अन्नाचा आणि श्वासाचा असे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर झाकले जाते आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. ही क्रिया इतकी सहज घडते की तिच्यामागे अनेक स्नायूंची अचूक जुळणी आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. ही जुळणी मेंदू करीत असतो. आघाताने ती बिघडली म्हणजे पाणी, अन्न किंवा तोंडातील लाळ श्वासनलिकेत उतरते. निरोगी माणसाला अशा वेळी ठसका लागतो व चुकलेला घोट बाहेर फेकला जातो. पक्षाघाताच्या रोग्यात पुष्कळदा हा ठसकाही मंदावलेला असतो. त्यामुळे बाहेरून काहीही न जाणवता तोंडातील जंतू फुप्फुसात जाऊन पोहोचतात.

गिळण्याचा हा दोष अपवादात्मक नाही. साध्या पाहणीत तो शेकडा ३७ ते ४५ रोग्यांत आढळतो. उपकरणांच्या साहाय्याने गिळण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहिली तर हेच प्रमाण ६४ ते ७८ पर्यंत जाते. त्याशिवाय रोगी अंथरुणाला खिळलेला असतो, दीर्घ श्वास घेत नाही, कफ काढू शकत नाही. न्यूमोनियाला एवढी कारणे पुरेशी आहेत, असे वैद्यक बराच काळ मानीत आले.

तथापि ह्या स्पष्टीकरणात एक उणीव होती. १९७८ साली अमेरिकेत झालेल्या एका तपासणीत निरोगी माणसांच्या घशात झोपेच्या वेळी मागमूस घेता येईल असा निरुपद्रवी पदार्थ सोडण्यात आला. त्या माणसांपैकी ४५ टक्के लोकांच्या फुप्फुसांत तो गाढ झोपेत उतरल्याचे आढळले. ह्याचा अर्थ, धडधाकट माणसेही झोपेत थोडीशी लाळ श्वासावाटे आत घेत असतात. तरीही त्यांना न्यूमोनिया होत नाही. फुप्फुसातील संरक्षक पेशी ते थोडे जंतू सकाळपर्यंत फस्त करून टाकतात. तेव्हा जंतू आत शिरणे ही रोगाची केवळ अर्धी बाजू झाली. पहारेकरी जागे आहेत की नाहीत, ही दुसरी बाजू होय.

ह्या दुसऱ्या बाजूचे महत्त्व बर्लिन येथील शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २००६ साली एका प्रयोगाने स्पष्ट केले. त्यांनी उंदरांच्या नाकात न्यूमोनियाचे जंतू मोजून सोडले. ज्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखलेला होता अशा उंदरांना केवळ २०० जंतूंनी तीव्र न्यूमोनिया झाला. मेंदूला इजा न झालेल्या उंदरांत तेवढाच रोग उत्पन्न करण्यासाठी २ लाख जंतू लागले. फुप्फुस तेच, जंतू तेच. परंतु संरक्षणाची शक्ती हजारपट घटलेली होती.

पहारा कोण उठवितो?

शरीराची संरक्षणव्यवस्था दोन फळ्यांची असते. पहिल्या फळीतील भक्षक पेशी समोर येईल त्या जंतूला गिळून टाकतात. दुसऱ्या फळीतील पेशींना लसीकापेशी म्हणतात; त्या विशिष्ट जंतूची ओळख पटवून घेतात, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवितात आणि त्याची आठवणही ठेवतात. ह्या दोन्ही फळ्यांत सतत देवाणघेवाण चालते. भक्षक पेशी गिळलेल्या जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून लसीकापेशींना दाखवितात, तेव्हा कोठे दुसरी फळी कामाला लागते.

पक्षाघातानंतर ह्या व्यवस्थेत जे बदल होतात ते रक्ताच्या तपासणीतही दिसतात. पहिल्या दिवसातच रक्तातील लसीकापेशींची संख्या घसरते. उरलेल्या पेशींची संसर्गाला प्रतिसाद देण्याची शक्ती कमी होते. जंतूचा तुकडा ज्या रेणूंवर मांडून दाखविला जातो, ते रेणू भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर पूर्वीइतके राहत नाहीत. लसीकापेशींचे आगर असलेली प्लीहा आकाराने लहान होते. मेंदूची इजा जितकी मोठी, तितकी ही घसरण खोल असते. ती भरून यायला काही दिवस, तर मोठ्या आघातात काही आठवडेही लागतात.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेतला पाहिजे. शरीरात सर्वत्र ही सामसूम पसरत असताना मेंदूच्या इजा झालेल्या भागात मात्र नेमके उलट घडत असते. तेथे दाह पेटलेला असतो. मृत पेशींचा निचरा करण्यासाठी भक्षक पेशी गर्दी करतात, आणि त्या भरात शेजारच्या जिवंत पेशींनाही इजा पोहोचवितात. म्हणजे एकाच रोग्याच्या मेंदूत संरक्षणव्यवस्था अतिरेक करीत असते, आणि त्याच्याच फुप्फुसात ती निष्क्रिय असते.

मेंदूतील इजेची वार्ता एवढ्या दूरच्या अवयवांपर्यंत कशी पोहोचते? त्यासाठी शरीरात मुख्यतः तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग अनुकंपी मज्जासंस्थेचा होय. भीतीच्या किंवा संकटाच्या क्षणी छाती धडधडते, हातपाय थंड पडतात, ती ह्याच संस्थेची करणी. तिचे मज्जातंतू प्लीहेत, यकृतात, अस्थिमज्जेत सर्वत्र पसरलेले आहेत, आणि त्यांच्या टोकांतून नॉरऍड्रेनॅलिन नावाचे रसायन स्रवते. दुसरा मार्ग अधिवृक्क ग्रंथींचा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ह्या ग्रंथी मेंदूच्या आज्ञेवरून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. दाह शमविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांचे ते नैसर्गिक भावंडच म्हणावे लागेल. तिसरा मार्ग व्हेगस मज्जातंतूचा. मेंदूच्या देठापासून निघून छाती व पोट ह्यांतून फिरणारा हा लांबलचक मज्जातंतू भक्षक पेशींचा आवेग आवरतो, असे अमेरिकेतील केव्हिन ट्रेसी व त्यांचे सहकारी ह्यांनी २००० सालापासून केलेल्या प्रयोगांतून पुढे आले.

ह्या मार्गांची किल्ली माफक ताणाच्या वेळी उपकारक ठरते. दाह मर्यादेबाहेर जाऊ न देणे हे तिचे काम. पक्षाघातात मात्र ती दीर्घकाळ फिरलेलीच राहते.

बर्लिनचा प्रयोग आणि त्यानंतर

ह्यांपैकी कोणता मार्ग निर्णायक आहे, हे शोधण्याचा प्रयत्न शारिटे रुग्णालयातील त्याच संशोधकगटाने २००३ साली केला होता. कॉन्स्टन्टिन प्रास, आन्द्रेआस मायझेल, उलरिख डिर्नागल इत्यादी संशोधकांनी उंदरांमध्ये कृत्रिम पक्षाघात घडवून आणला. थोड्याच दिवसांत त्या उंदरांच्या फुप्फुसांत आणि रक्तात, बाहेरून जंतू न सोडताही, जंतू वाढलेले आढळले. काही उंदरांना त्यांनी प्रोप्रॅनोलॉल दिले. अनुकंपी मज्जासंस्थेचा संदेश पेशींपर्यंत पोहोचू न देणारे हे औषध रक्तदाब आणि हृदयविकार ह्यांवर पुष्कळ वर्षे वापरात आहे. ह्या उंदरांत संसर्ग रोखला गेला आणि त्यांचे मृत्यूही कमी झाले. निरोगी उंदरांच्या लसीकापेशी आजारी उंदरांना दिल्यावरही जंतूंचे प्रमाण घटले. कॉर्टिसॉलचा मार्ग अडविल्याने मात्र संसर्ग टळला नाही. रोगाचे मूळ जंतूंच्या जोरात नसून पहारा उठविणाऱ्या हुकमात आहे, हे त्यामुळे प्रयोगाने सिद्ध झाले.

पुढील वर्षांत ह्या चित्रात नवे तपशील भरले गेले. कॅनडातील कॅलगरी येथील संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, उंदरांच्या यकृतात गस्त घालणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या लसीकापेशींची वर्तणूक पक्षाघातानंतर बदलते, आणि ह्या बदलामागे यकृतातील मज्जातंतूंतून स्रवणारे नॉरऍड्रेनॅलिन असते. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथून आणखी एक अनपेक्षित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पक्षाघात झालेल्या उंदरांच्या फुप्फुसात सापडलेल्या जंतूंपैकी पुष्कळसे आतड्यांत वसणाऱ्या जातींचे होते. आघातानंतर आतड्याच्या आतील अस्तराची घट्ट वीण सैल होते आणि एरवी तेथे निरुपद्रवीपणे नांदणारे जंतू रक्तात शिरतात. म्हणजे न्यूमोनियाचे सर्वच जंतू तोंडावाटे येतात असे नाही. काही शरीराच्या आतूनच येतात.

उंदरांना प्रोप्रॅनोलॉलने वाचविता येते, तर माणसांना का नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. हृदयविकारासाठी ह्या वर्गातील औषधे आधीपासून घेत असलेल्या रुग्णांना पक्षाघातानंतर कमी संसर्ग होतो का, हे अनेक ठिकाणी तपासण्यात आले. त्यातून एकसारखा निष्कर्ष निघालेला नाही. शिवाय ही औषधे रक्तदाब आणि नाडी ह्यांचा वेग उतरवितात; इजा झालेल्या मेंदूला ह्या वेळी पुरेशा रक्ताची निकड असते. म्हणून संसर्ग टाळण्यासाठी ती देण्याचा प्रघात पडलेला नाही.

हा हुकूम मेंदू का देत असावा?

शरीराच्या संरक्षणाची सूत्रे ज्याच्या हाती, तोच संकटकाळी पहारा उठवितो, ही गोष्ट प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. ह्याविषयी एक तर्क मांडला जातो. मेंदू आणि रक्त ह्यांच्यामध्ये एक चाळणीवजा तट असतो. त्यामुळे मेंदूतील प्रथिनांशी लसीकापेशींची एरवी फारशी गाठ पडत नाही. पक्षाघातात हा तट भंगतो आणि मेंदूच्या पेशींचे तुकडे रक्तात येतात. त्या वेळी लसीकापेशी पूर्ण जोमात असल्या, तर त्या ह्या तुकड्यांना परके समजून मेंदूवरच चालून जाण्याचा संभव असतो. उंदीर आणि घुशींच्या जातीच्या प्राण्यांवरील काही प्रयोगांत, पक्षाघाताच्या वेळी संरक्षणव्यवस्था मुद्दाम चेतविली असता असा स्वकीयांवरील हल्ला खरोखरच घडल्याचे व प्राण्याची स्थिती बिघडल्याचे दिसून आले. तेव्हा पहारा शिथिल करणे ही मेंदूची आत्मरक्षणाची युक्ती असावी, आणि न्यूमोनिया ही तिची किंमत असावी, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

हा तर्क खरा असेल तर त्यातून एक सावधगिरीची सूचना मिळते. रोगप्रतिकारशक्ती सरसकट वाढविणारे औषध पक्षाघाताच्या रोग्याला देणे हितावह ठरेलच असे नाही. बाजारात 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांबद्दल तर अधिकच सावध असले पाहिजे.

प्रतिजैविके आधीच दिली तर?

प्रतिकारशक्ती वाढविता येत नसेल, तर निदान जंतूंना तरी आधीच मारून टाकावे, हा विचार साहजिक होता. त्याची कसोटी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आली. नेदरलँड्समध्ये २,५५० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रभावी प्रतिजैविक चार दिवस देण्यात आले. ब्रिटनमध्ये गिळण्याचा दोष असलेल्या १,२२४ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. दोन्हींचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समध्ये मूत्रमार्गाचे संसर्ग कमी झाले; न्यूमोनिया मात्र दोन्ही देशांत कमी झाला नाही, आणि तीन महिन्यांनंतर रुग्णांची स्थितीही अधिक चांगली आढळली नाही. युरोपातील नऊ देशांत वयस्क रुग्णांवर झालेल्या आणखी एका प्रयोगाने २०२४ साली ह्याच निष्कर्षाला दुजोरा दिला. त्यात प्रतिजैविकाबरोबरच ताप उतरविणारे पॅरासिटामॉल आणि ओकारी थांबविणारे मेटोक्लोप्रामाइड ही औषधेही आधीपासून देऊन पाहण्यात आली होती.

ह्या अपयशाची कारणे समजण्यासारखी आहेत. फुप्फुसात उतरलेल्या पदार्थामुळे होणारा दाह सर्वस्वी जंतूंचाच असतो असे नाही. जठरातील आम्लही तेथे इजा करते. जंतूंच्या जाती अनेक असतात. आणि लाळेचा ओघ चालू असेपर्यंत चार दिवसांच्या औषधाने मारलेल्या जंतूंची जागा नवे जंतू घेतच राहतात. ह्याउलट अनावश्यक प्रतिजैविकांनी औषधाला न जुमानणारे जंतू वाढीस लागतात. म्हणून संसर्ग झाल्याचे दिसताच विनाविलंब उपचार करावा, परंतु संसर्गाच्या केवळ भीतीने प्रतिजैविके देऊ नयेत, अशी आजची रीत आहे.

शुश्रूषेचा प्रभाव

जेथे औषधे अपुरी पडली तेथे साध्या शुश्रूषेने मात्र लक्षणीय यश मिळविले आहे. अमेरिकेतील १५ रुग्णालयांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे आढळले की, प्रत्येक रुग्णाची गिळण्याची क्षमता ठरलेल्या पद्धतीने तपासल्याशिवाय त्याला तोंडाने काहीही न देण्याचा नियम जेथे होता, तेथे न्यूमोनियाचे प्रमाण २.४ टक्के होते. जेथे असा नियम नव्हता तेथे ते ५.४ टक्के होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९ रुग्णालयीन विभागांपैकी काहींत परिचारिकांना तीन गोष्टी पहिल्या ७२ तासांत काटेकोरपणे सांभाळण्याचे शिक्षण देण्यात आले: ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्रिया. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण अशा विभागांत ४२ टक्के, तर इतर विभागांत ५८ टक्के होते. ह्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही.

ही तपासणी तशी साधी असते. रोगी पूर्ण जागा आहे आणि बसू शकतो, ह्याची खात्री करून त्याला प्रथम चमचाभर पाणी दिले जाते. ठसका लागतो का, पाणी ओठांतून ओघळते का, गिळल्यानंतर आवाज घोगरा किंवा पाणी भरल्यासारखा होतो का, श्वास वाढतो का, हे पाहिले जाते. ह्यांपैकी काहीही आढळले तर तोंडाने देणे थांबवून नाकातून नळीने अन्न दिले जाते. नळी घातली म्हणजे सर्व धोका संपला असे मात्र नाही. लाळ तर घशात उतरतच असते. म्हणून दात, जीभ आणि हिरड्या दिवसातून अनेकदा स्वच्छ करणे तितकेच आवश्यक असते. लघवीची नळी गरज संपताच काढून टाकल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग टळतो. दर दोन तासांनी कूस बदलल्याने त्वचेला जखमा होत नाहीत आणि त्या जखमांतून जंतू शिरत नाहीत.

घराच्या उंबरठ्यावर

गडचिरोलीच्या नोंदी येथे पुन्हा आठवाव्या लागतात. जेथे शंभरांतील सत्त्याऐंशी मृत्यू घरीच होतात, तेथे रुग्णालयातील परिचारिकेचे काम घरातील माणसांच्याच हाती असते. आणि नेमका घरीच पहिला घोट चुकतो. माणूस अचानक कोसळला, त्याचे तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, की भोवतालची माणसे धावपळ करून त्याला पाणी पाजतात. कोणी चमच्याने चहा देते, कोणी गोळी पाण्यात कालवून तोंडात घालते. ह्या सर्वांमागे माया असते. परंतु ज्याचा पहारा नुकताच उठला आहे अशा फुप्फुसात ते पाणी आणि त्याबरोबर तोंडातील जंतू उतरतात. आघात गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सी.टी. स्कॅनशिवाय कळत नाही. त्यामुळे घरी ऍस्पिरिन देणेही धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी करण्याची योग्य गोष्ट एकच: रोग्याला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून विनाविलंब रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. त्याने मेंदूची इजा मर्यादित राहिली, तर पुढे प्रतिकारशक्तीची घसरणही मर्यादित राहण्याची आशा असते.

रोगी घरी परतल्यानंतरही काही आठवडे सावधगिरी बाळगावी लागते. त्याला ताठ बसवून, लहान घासांनी, घाई न करता भरवावे. जेवणानंतर लगेच आडवे करू नये. पेज, दूध, पाणी हे पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा अधिक सहजपणे श्वासनलिकेत उतरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जेवताना ठसका लागत असेल तर अन्न कितपत घट्ट असावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. तोंड दोन वेळा तरी स्वच्छ करावे. वृद्ध माणसाला न्यूमोनिया झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही आणि खोकलाही नसतो. तो नेहमीपेक्षा अधिक झोपाळू होतो, भ्रमात बोलतो, जेवण टाकतो, त्याचा श्वास जलद चालतो. स्वस्थ असताना मिनिटाला २४ हून अधिक श्वास मोजले गेले तर ते धोक्याचे चिन्ह समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे ही गोष्ट गडचिरोलीला नवी नाही. ह्याच जिल्ह्यात 'सर्च'ने खेड्यांतील आरोग्यसेवकांना आणि सुइणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखून त्यावर गावातच औषध देण्यास शिकविले होते. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित माणसेही योग्य शिक्षण मिळाल्यास हे काम जबाबदारीने करू शकतात, हे त्यातून दिसून आले. पाळण्यातल्या बाळाच्या बाबतीत जे साधले, ते अंथरुणाला खिळलेल्या आजोबा-आजींच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

पहिले आठवडे पार पडणे किती मोलाचे असते, ह्याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासातच आहे. रोगांचे मूळ सूक्ष्म जंतूंत असते हा सिद्धांत दृढ करणारे लुई पाश्चर ह्यांना १८६८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघात झाला. त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि तिच्यातील दोष जन्मभर राहिला. पण त्या आजारातून ते वाचले आणि त्यानंतर सत्तावीस वर्षे जगले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्यांनी १८८५ साली, म्हणजे आघातानंतर सतरा वर्षांनी, मनुष्यावर प्रथम वापरली. लुळा हात म्हणजे संपलेले आयुष्य नव्हे. मेंदूची पुष्कळशी कार्ये महिनोन्महिने हळूहळू परत येऊ शकतात. फक्त तोपर्यंत रोगी जिवंत राहिला पाहिजे. शरीराची संरक्षणव्यवस्था त्या काळात आपले काम पुरते करू शकत नाही. ते काम काही दिवस भोवतालच्या माणसांनी आपल्याकडे घ्यावयाचे असते, आणि त्याची सुरुवात पहिला घोट देण्यापूर्वी थांबण्यापासून होते.